हेळवाकची ठिणगी

आमच्या अण्णांना दोन माणसांचा मनापासून राग येई. एक, जेवण झाल्यावर उष्ट्या ताटावर हात वाळवीत बसणारा. आणि दुसरा, गाडीचा दरवाजा धाडकन आपटणारा. पहिल्या वर्गात मी अधूनमधून मोडत असे. दुसऱ्यात मात्र कायमचा.

ही गाडी म्हणजे १९९२ साली त्यांनी घेतलेली मोतिया रंगाची पद्मिनी. दर रविवारी सकाळी तिचे बॉनेट उघडून अण्णा तासन्‌तास आत डोके घालून बसत आणि टॉर्च धरण्याचे काम माझ्याकडे असे. मी एका हाताने टॉर्च धरी आणि दुसऱ्या हातात कादंबरी. "अरे, उजेड इंजिनावर पाड, पुस्तकावर नको," असे ते दर पाच मिनिटांनी म्हणत. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो. त्याचे बीज त्या टॉर्चच्या उजेडात असावे. इंजिन मात्र माझ्या दृष्टीने अंधारातच राहिले.

२०२१ साली अण्णा गेले. गाडी ताडपत्रीखाली गेली. २०२४ च्या जुलैत, पावसाने पुण्यात ठाण मांडले असताना, मी ती एकदा बाहेर काढली, तर चढावर ती खोकू लागली, धक्के देऊ लागली. जवळच्या गॅरेजात नेली आणि मीच म्हणालो, "इंजिन गेलेलं दिसतंय हो. गाडी फार जुनी आहे." रोग्यानेच निदान सांगितल्यावर वैद्याला काय उरते? त्याने मान डोलावली आणि संपूर्ण इंजिन खोलण्याचा जो आकडा सांगितला, तो ऐकून मी भंगारवाल्याचा पत्ता विचारला. गणपतीनंतर गाडी त्याच्या हवाली करायची, असे ठरून गेले.

आईने विरोध केला नाही. ती एवढेच म्हणाली, "गाडी आली त्या वर्षी पहिल्यांदा गावाला नेली, ती गणपतीतच. शेवटचीही तशीच जाऊ दे."

यंदा घरच्या गणपतीची पाळी आमची होती. आमचे गाव चिपळूणच्या पलीकडे. चुलतभावाने मूर्ती आणून ठेवली होती; पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावर बसून प्राणप्रतिष्ठा करायची ती मी. म्हणजे रात्रीपर्यंत पोचणे भागच होते. ६ सप्टेंबरला, हरतालिकेच्या दिवशी, पूजा आटोपून आम्ही दुपारी बाराला पुणे सोडले. मागे आई आणि सौभाग्यवती, दोघींचाही कडक उपास. पुढे माझ्या शेजारी नववीतली कन्या. डिकीत पूजेचे सामान, आणि माझ्या खांद्याच्या पिशवीत कॉलेजचा एक कागद.

त्या कागदाबद्दल आताच सांगून टाकतो. ती हजेरी कमी असलेल्या विद्यार्थ्यांची यादी होती. सुटीवरून परतल्यावर माझी सही झाली, की त्यांना परीक्षेला बसता येणार नव्हते. त्यातल्या एका मुलाचा चेहरा मला ओळखीचा होता. शेवटून दुसऱ्या बाकावर, भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटलेले. प्राध्यापकांच्या खोलीत त्याच्याविषयी विषय निघाला तेव्हा चहाचा घोट घेत मी म्हणालो होतो, "तो वर्गात असला काय आणि नसला काय, काही फरक पडत नाही." वाक्य बरे जमले होते. दोघे-तिघे हसलेही.

खंबाटकीचा घाट गाडीने रमतगमत चढला. ऊन पडले होते. हवा कोरडी होती. सातारा मागे पडला. उंब्रजला महामार्ग सोडून आम्ही उजवीकडे वळलो आणि मल्हारपेठेवरून पाटणच्या रस्त्याला लागलो. घाटमाथ्याकडे जाणारा हा रस्ता ज्याने पावसाच्या शेवटी पाहिला नाही, त्याने हिरवा रंग पाहिला आहे असे म्हणू नये. भातखाचरांचा हिरवा वेगळा, उसाचा वेगळा, बांधावरच्या गवताचा वेगळा. आणि या सगळ्यांच्या वर डोंगराचा काळपट हिरवा, त्यावर ढगांची पांढरी घोंगडी. डाव्या-उजव्या हाताला कोयना सोबत करीत असते. ही नदी मोठी विचित्र आहे. महाबळेश्वरी जन्म घेऊन ती सह्याद्रीच्या कडेकडेने सरळ दक्षिणेला धावते. कोणालाही वाटावे, ही आता कोकणात उडी घेणार. पण हेळवाकपाशी तिचे मन बदलते, ती पूर्वेकडे काटकोनात वळते आणि कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळते.

नदीने कोकणात जायचे नाकारले, तरी माणसाने तिचे पाणी तिकडे नेलेच. कोयनानगरला १०३ मीटर उंचीचे धरण बांधून तिला अडविले, आणि शिवसागर जलाशयाचे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवून खाली पोफळीच्या भुयारी वीजघरातल्या चक्रांवर सोडले. सगळे टप्पे मिळून हा प्रकल्प १,९६० मेगावॅटचा आहे. मी हे कन्येला मोठ्या अभिमानाने सांगत होतो. मागून आई म्हणाली, "आणि भूकंप?" ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, तेव्हा आई पंधरा वर्षांची होती, चिपळूणजवळ माहेरी. फळीवरची तांब्यापितळेची भांडी एकामागून एक खाली आली आणि आजोबांनी सगळ्यांना अंगणात काढले. उरलेली रात्र तिथेच थंडीत काढली. या खोऱ्यात पुष्कळ माणसे दगावली, पुष्कळ घरे मातीला मिळाली. आईच्या आठवणीत मात्र अजून ती भांडीच वाजतात.

भांड्यांची गोष्ट चालू असतानाच गाडीने पहिला आचका दिला.

सायंकाळचे सहा वाजत आले होते. ढग रस्त्यावर उतरले होते. पाऊस म्हणावा असा नव्हता, पण काच पुसावी आणि लगेच ओली व्हावी असे दमट धुके. चढ लागला आणि गाडी धापा टाकू लागली. इंजिनाची एकसंध गुरगुर गेली; जणू चौघांनी उचललेल्या पालखीतला एक भोई खांदा न देता नुसता बरोबर चालत होता. मागून सायलेन्सर फट्‌ फट्‌ करू लागला. मी दुसऱ्या गिअरवर आलो, मग पहिल्यावर. मागे मुंबई-पुण्याहून गणपतीला निघालेल्या मोटारींची रांग लागली आणि त्या सगळ्यांनी माझ्या वाहनकौशल्यावर भोंग्यांनी अभिप्राय दिला.

"अहो, पोचू ना आपण?" सौभाग्यवतींनी मागून विचारले. उपासाच्या दिवशी बायकांचा आवाज फार शांत असतो. तो शांतपणाच मला जास्त टोचला.

गंमत पाहा. साऱ्या महाराष्ट्राला वीज देणाऱ्या या खोऱ्यात आमची गाडी अडली होती, आणि तीही एका ठिणगीपायी! अर्थात, ते तेव्हा मला कुठे ठाऊक होते? मी मनाशी म्हणत होतो, संपले. इंजिन गेलेच होते, ते आता इथे गेले. कशीबशी खुरडत गाडी हेळवाकला आणली. एका चहाच्या टपरीशेजारी पत्र्याची शेड दिसली. बाहेर खिळ्यांना टायर-ट्यूब टांगलेल्या. मी इंजिन बंद करणार, एवढ्यात शेडमधून एक म्हातारा हात वर करीत आला.

"थांबा, थांबा! बंद नका करू. बोलू द्या तिला."

सत्तरीचा माणूस. खाकी अर्धी विजार, डोक्यावर पांढरी टोपी. पण पांढरेपणा तिच्यात फारसा उरला नव्हता. तो बॉनेटकडे गेलाच नाही. गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला, सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरला आणि डोळे मिटून, भजनाला बसल्यासारखा, ऐकत राहिला.

"तिघं बोलत्यात, एक गप हाय," तो उठत म्हणाला. "मिसिंग मारतीया. लय दिवसांनी ऐकला हिचा आवाज."

मिस्त्रींचे सारे आयुष्य मुंबईत टॅक्सी चालविण्यात आणि दुरुस्त करण्यात गेले होते. पाटण तालुक्यातली किती घरे मुंबईच्या पैशावर उभी आहेत, हे इकडचा माणूसच जाणे. त्यांनी टॅक्सी सोडली ती गुडघ्यांमुळे. पण त्यांच्यामागून टॅक्सीच संपली. २००३ च्या ऑक्टोबरात मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली, आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी गाडी रस्त्यावरून नाहीशी झाली. मिस्त्रींना ही तारीख तोंडपाठ होती. घरातल्या माणसाची तिथी असावी तशी.

"इंजिन गेलंय," मी नेहमीचे निदान सांगून टाकले. "पुण्यात दाखवलंय. गणपतीनंतर भंगारात देणार आहे."

"कुणी सांगितलं गेलंय?"

मी गप्प राहिलो. खरे उत्तर 'मीच' असे होते.

"कसं हाय साहेब," ते बॉनेट उघडीत म्हणाले, "चौघांतला एक काम करंना झाला, म्हंजी बिऱ्हाडच मोडायचं नसतंय. आदी कोन गप हाय ते बगायचं. मग का गप हाय ते."

पुढला पाऊण तास मी पाहिले ते कोणत्याही संशोधकाने शिकावे असे होते. मिस्त्रींनी हाताला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि चालू इंजिनावरच प्लगची एकेक वायर काढून पुन्हा बसवायला सुरुवात केली. पहिली काढली; इंजिन गडबडले, बंद पडायला आले. बसवली. दुसरी काढली, पुन्हा तीच तारांबळ. तिसरी काढली. इंजिन जसे चालले होते तसेच चालत राहिले. चौथी काढताच पुन्हा कोलमडू लागले.

"तिसरा," कन्या म्हणाली. ती केव्हा खाली उतरली आणि तिने टॉर्च केव्हा हातात घेतली, मला कळलेच नाही.

"शाब्बास! कसं वळखलं?"

"त्याला काढल्यावर काही फरकच पडला नाही."

माझे लक्ष उगाच खांद्यावरच्या पिशवीकडे गेले.

"म्हणजे तो सिलिंडर बाद," मी म्हणालो.

मिस्त्रींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की तोंडी परीक्षेत मी पुष्कळांकडे तसे पाहिले असेल. "एवढ्यात कसा बाद? अजून त्याला काय इचारलंय आपन?"

त्यांनी इंजिन बंद करून तिसरा प्लग खोलला. काळा, ओला, पेट्रोलचा वास मारणारा. म्हणजे पेट्रोल पोचत होते, पण पेटत नव्हते. मग दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा पुसून दुसऱ्यात घातला. आजार प्लगाचा असता, तर तो प्लगाबरोबर दुसऱ्या घरी गेला असता. तसे झाले नाही; गप्प तिसराच राहिला. प्लग निर्दोष सुटला. मग कॉइलची वायर काढून ठेवली, तिसऱ्याचा प्लग पुन्हा खोलला, त्या भोकावर मिस्त्रींनी अंगठा घट्ट दाबून धरला आणि कन्येला म्हणाले, "मार गं सेल्फ!" स्टार्टर फिरला आणि फस्सकन आवाज होऊन तो जाडजूड अंगठा वर उडाला. त्यांचा चेहरा उजळला.

"बगितलं? दम हाय त्याच्यात. पोटात काय बी बिघाड न्हाई."

इंजिनाचे तत्त्व त्या रात्री मला प्रथमच समजले. पेट्रोल आणि हवा आत घेणे, दाबणे, पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे, असे प्रत्येक सिलिंडरचे चार टप्पे. आणि चौघांची पाळी ठरलेली. पहिल्यानंतर तिसरा, मग चौथा, मग दुसरा. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वेगाला एकेका सिलिंडरात सेकंदाला पंचवीस वेळा ठिणगी पडते. ती वाटण्याचे काम डिस्ट्रिब्यूटरचे. मिस्त्री त्याला 'डेल्को' म्हणत. आपल्या पाळीला ठिणगी आली नाही, तर तो सिलिंडर पेट्रोल पिऊन नुसता बसून राहतो आणि त्याचे ओझे उरलेले तिघे ओढतात.

डेल्कोची टोपी उघडली. आत ओल नव्हती, तडा नव्हता. काळे पडलेले टोक मिस्त्रींनी घासून पुसून घेतले. आता उरली ती तिथून तिसऱ्या प्लगापर्यंतची हातभर वायर. वरून पाहता ती इतर तिघींसारखीच होती. कन्येने टॉर्च अगदी जवळ नेली. मीही चष्मा पुसून पाहिले. काही दिसेना.

"बत्ती बंद कर पोरी," मिस्त्री म्हणाले. शेडमध्ये जाऊन त्यांनी तिथला दिवाही मालवला. "गाडी चालू करा. आनि आता बगा."

बाहेर धुके गच्च दाटले होते. सगळा काळोख झाला. इंजिन धापा टाकीत चालू होते, आणि त्या काळोखात, वायरीच्या मधल्या वळणापासून इंजिनाच्या लोखंडाकडे, एक निळा दोरा चटचट उड्या मारीत होता. दिसे, नाहीसा होई, पुन्हा दिसे. सुईत ओवण्याच्या धाग्याएवढा. आई आणि सौभाग्यवतीही खाली उतरून पाहू लागल्या. कोणी काही बोलले नाही.

तीन वर्षे एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या त्या वायरीचे रबर कडक होऊन वळणावर तडकले होते. तडा केसाएवढा. कोरड्या हवेत वीज मुकाट्याने प्लगापर्यंत जाई. हवा दमट झाली आणि त्यात चढाचा जोर आला, की तिला जवळची वाट सापडे आणि ती मध्येच लोखंडात उतरे. म्हणून खंबाटकीच्या उन्हात गाडी धावली आणि कोयनेच्या धुक्यात अडली. पुण्यातल्या जुलैतला खोकलाही तोच.

"तिसरा बिघडलेला न्हवताच," मिस्त्री म्हणाले. "त्याच्यापत्तर ठिणगी पोचत न्हवती."

शेडच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला जुन्या टॅक्स्यांच्या वायरींचा जुडगा लटकत होता. "सीएनजीच्या गाड्यांच्या हायत. ग्यासला ठिणगी लई दमदार लागती, वायर ढिली चालत न्हाई," असे सांगत त्यांनी त्यातली एक निवडली, वाकवून पाहिली, बसवली. मग गाडी सुरू झाली. वाचकहो, त्या आवाजाचे मी काय वर्णन करू? तो अण्णांच्या रविवारचा आवाज होता. आईने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच म्हणाली, "धूर फार झाला बाई इथे." धूर मुळीच नव्हता.

मिस्त्रींनी दीडशे रुपये घेतले. मी जास्त देऊ लागलो, तर म्हणाले, "वायर जुनी हाय. गावास्नं परतल्यावर चारी नवीन घाला. आनि भंगारवाल्याला सांगा, अजून टायम हाय." कन्येच्या हातावर त्यांनी तो काढलेला वायरीचा तुकडा ठेवला. सौभाग्यवतींनी पूजेच्या सामानातला एक नारळ त्यांना दिला. तो त्यांनी कपाळाला लावून घेतला.

कुंभार्ली घाट आम्ही त्या रात्री दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. दिव्यांच्या उजेडात धुके आणि दरडीवरून कोसळणारे पांढरे ओहोळ. मध्येच धुके फाटले की खाली खोल पोफळीचे दिवे लुकलुकत. ज्या नदीने वळून पाठ फिरविली, तिचेच पाणी आमच्या पायांखालच्या डोंगरातून, आमच्याबरोबर, कोकणात उतरत होते. ते पुढे वाशिष्ठीला मिळते. शिरगाव आले, हवेत उष्मा आणि ओल्या मातीचा वास आला, आणि घरी पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर पाटावर बसलो.

पुण्याला परतल्यावर भंगारवाल्याला नाही म्हणून कळवले. त्या यादीवर मात्र लगेच सही केली नाही. तो मुलगा वर्गातून बाहेर पडताना त्याला थांबविले आणि जो प्रश्न जूनमध्येच विचारायला हवा होता, तो सप्टेंबरात विचारला. वडील अंथरुणावर, हा रात्रभर एका गोदामात पार्सले लावतो, पहाटे पाचला सुटतो आणि सातच्या पहिल्या तासाला माझ्यासमोर येऊन बसतो. जेव्हा येतो तेव्हा. मी त्याला दुपारच्या तुकडीत बसायची परवानगी मिळवून दिली. त्यात मी मोठेसे काही केले नाही. एका अर्जावर शिफारस लिहिली इतकेच. दिवाळीपूर्वीच्या चाचणीत तो जेमतेम उत्तीर्ण झाला आहे. निबंध मात्र त्याने बरा लिहिला होता.

गाडी आता नव्या वायरींवर धावते. रविवारी सकाळी बॉनेट उघडले जाते. आत डोके कन्येचे असते आणि टॉर्च माझ्या हातात. "बाबा, उजेड इंजिनावर पाडा ना," असे ती दर पाच मिनिटांनी म्हणते. आताशा माझ्या दुसऱ्या हातात पुस्तक नसते.